बाईचा आवाज

आमच्या घरात बाई दोन. एक सकाळी साडेआठला भांडी घासायला येते ती. दुसरी म्हणजे दांडिया बाजारातल्या आमच्या वाड्याच्या चौकात गेली साठ वर्षं उभी असलेली १९५५ सालची मॉरिस मायनर. आजोबांनी ती १९६४ साली एका डॉक्टरांकडून सेकंड हँड घेतली आणि पहिल्याच दिवशी आजीने तिचं नाव 'बाई' ठेवलं, कारण म्हणे ती घरात आली की सगळ्यांना बाजूला सरकून उभं राहावं लागतं. त्यामुळे मागच्या वर्षी पावसाळा संपता संपता माझा मुलगा फोनवर मित्राला सांगत होता, "नाही रे, आज येत नाही, बाईचा आवाज बसलाय, आजोबा टेन्शनमध्ये आहेत," तेव्हा पलीकडच्या मुलाने काय समजून घेतलं असेल ते देव जाणे.

मायनर ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडंसं. सर ॲलेक इसिगोनिस यांनी आखलेली ही गाडी १९४८ साली इंग्लंडमध्ये बाजारात आली. हेच गृहस्थ पुढे १९५९ मध्ये 'मिनी' करणारे. नमुन्याची गाडी तयार झाल्यावर त्यांना ती अरुंद वाटली म्हणून त्यांनी ती मधोमध कापून चार इंच रुंद करायला लावली. बॉनेटच्या मध्यभागी जी सपाट पट्टी दिसते ती त्याची खूण. बाबा घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला त्या पट्टीवरून बोट फिरवायला लावतात. आमची बाई ८०३ सीसीची, पुढची काच दोन तुकड्यांची. जानेवारी २०२३ मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यावर जुन्या गाड्यांचं मोठं प्रदर्शन भरलं होतं, तेव्हा आम्ही सगळे बघायला गेलो. तिथल्या रोल्स रॉइस बघून झाल्यावर बाबा म्हणाले, "सुंदर आहेत. पण यातली एक तरी भाजी आणायला जाते का?" बाई जाते. म्हणजे जायची.

तर आवाज. क्लच दाबला की खालून 'खर्र' असा, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखा. आधी कधीतरी यायचा, मग रोज येऊ लागला. बाबांचं निदान तयार होतं: "गिअरबॉक्स म्हातारा झाला. माझ्यासारखाच." आमचे नेहमीचे मिस्त्री, ज्यांना सगळं कुटुंब चाचा म्हणतं, ते तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनमुळे घरी होते. म्हणून आम्ही बाईला बायपासवरच्या एका मोठ्या, चकचकीत गॅरेजात नेलं. तिथल्या मुलाने बॉनेट उघडलं, एकदा इंजिन चालू केलं, एकदा बंद केलं आणि गिअरबॉक्स पूर्ण उतरवून नवीन बेअरिंगं घालावी लागतील असं सांगून चाळीस हजारांचा आकडा लिहून दिला. क्लचचं पेडल त्याने एकदाही दाबून पाहिलं नाही. वर, "अंकल, इसको बेच दो," असा फुकटचा सल्ला. बाबा घरी येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. रात्री जेवताना म्हणाले, "विकून टाकू या का खरंच?" आमच्या घरात हे वाक्य साठ वर्षांत पहिल्यांदा उच्चारलं गेलं.

दुसऱ्या दिवशी मी चाचांकडे गेले. डोळ्यांवर काळा चष्मा, औषधाची बाटली शेजारी. त्यांनी आवाजाचं वर्णन अर्धं ऐकलं आणि हात वर केला. "बेन, तुम्ही सांगता तो आवाज नको. गाडी आणा. डोळे बंद आहेत, कान चालू आहेत."

त्या दिवशी चाचांनी जे शिकवलं ते मी इथे सविस्तर लिहिते, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी आजोबांची फियाट किंवा अँबॅसिडर असेल तर उपयोगी पडेल. आणि क्लच पेडल असलेली कोणतीही गाडी असली तरी पडेल.

क्लच म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामधला हात धरणं-सोडणं. इंजिनाच्या मागे फिरणारं जड चाक, म्हणजे फ्लायव्हील. त्याला चिकटून क्लच प्लेट, आणि तिला मागून स्प्रिंगांच्या जोराने दाबून धरणारी प्रेशर प्लेट. आपण पेडल दाबतो तेव्हा एक फोर्क पुढे सरकतो आणि त्याच्या टोकाला बसवलेली रिलीज बेअरिंग प्रेशर प्लेटच्या तरफा दाबते, पकड सुटते. आजच्या गाड्यांत ही बेअरिंग गोळ्यांची असते. मायनरमध्ये ती बेअरिंग नावालाच. लोखंडी कपात बसवलेली ग्रॅफाइटची एक जाड रिंग, बस्स. पेन्सिलीच्या शिशाचाच भाऊबंद. मिस्त्री लोक तिला सरळ 'कार्बन' म्हणतात. ती फिरत नाही. फिरणाऱ्या चकतीवर जाऊन टेकते आणि घासते. ग्रॅफाइट मुळातच गुळगुळीत असल्यामुळे तेल-ग्रीस काही लागत नाही. पण जेवढा वेळ टेकेल तेवढी ती झिजणार, हा तिचा सौदा.

चाचांनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे इंजिन बंद ठेवलं. "आता पेडल दाबा." कुईं. पेडलच्या खिळीतला कोरडा आवाज. तेलाचे चार थेंब घातले, गेला. एक आवाज यादीतून कमी झाला. बायपासवरच्या मुलाने एवढं तरी केलं असतं!

मग इंजिन चालू, गाडी न्यूट्रलमध्ये, पाय पेडलवर नाही. ऐका. आता क्लच धरलेला आहे, म्हणजे गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट इंजिनाबरोबर फिरतोय. इथे घरघर येत असेल आणि पेडल पूर्ण दाबल्यावर ती थांबत असेल, तर संशय गिअरबॉक्सच्या बेअरिंगवर घ्यायचा. आमची बाई या अवस्थेत शांत होती. बाबा खुर्ची ओढून जवळ बसले होते, ते पुढे झुकले.

"हवे धीमेथी दबावो," चाचा म्हणाले. मी पाय ठेवला. "ना, बेन. पगथी नहीं, हाथथी."

मी गाडीबाहेर गुडघ्यांवर बसले आणि आत वाकून तळहाताने पेडल दाबलं. पाय बूट-चपलेतून फक्त जोर देतो, त्याला बारकावा कळत नाही, हात सांगतो, असं त्यांचं म्हणणं. आणि खरंच, आधी बोटभर मोकळी चाल, जिथे पेडल नुसतंच खाली जातं. मग एक हलकासा अडथळा, कार्बन जाऊन टेकला तो क्षण. नेमक्या त्याच क्षणी खर्र. हात मागे घेतला, गेला. पुन्हा टेकवला, खर्र. पेडल अजून खाली, क्लच सुटण्याच्या कितीतरी आधी आवाज सुरू झालेला. चाचांनी मान डोलावली. इंजिनाच्या शाफ्टच्या टोकाशी एक पितळी बुश असतो, त्यात गिअरबॉक्सच्या शाफ्टचं नाक बसतं. तो बुश गेला तर ओरडतो, पण पेडल खाली जाऊन क्लच पूर्ण सुटल्यावर, दोन्ही शाफ्ट वेगवेगळ्या वेगाने फिरायला लागल्यावर. आपला आवाज वरच, पहिल्या स्पर्शालाच. "आ कार्बननो अवाज छे. कार्बन खलास. आता कप घासतोय."

बाबांचा चेहरा खुलला. गिअरबॉक्स शाबूत होता. पण चाचा खुलले नाहीत. "साहेब, कार्बन तर आपण दोन वर्षांपूर्वी नवा घातला. किती चालली गाडी?"

जेमतेम दोन हजार किलोमीटर. एवढ्यात कार्बन संपत नाही. नीट वापरला तर वर्षानुवर्षं चालतो. असा झटपट संपायची कारणं दोनच: पेडलला मोकळी चाल न ठेवल्यामुळे तो सतत टेकलेला राहणं, किंवा चालवणाऱ्याचा पाय पेडलवर विसावलेला असणं. चाल तर मी आताच हाताने अनुभवली होती. बोटभर, जशी हवी तशी.

"मी क्लचवर पाय ठेवून चालवत नाही," बाबा म्हणाले. आवाजात धार होती. "पंचावन्न वर्षं चालवतोय. आमच्या वडिलांनी शिकवताना डाव्या पायावर पट्टी मारली होती त्यासाठी."

हे खरं होतं. बाबांनी मला शिकवलं तेव्हा पट्टी नव्हती, पण नजर तीच होती. पाय क्लचवर रेंगाळला की शेजारून एकच शब्द यायचा: "पाय."

खोलायला घेतलं एका रविवारी. चाचांचा पुतण्या, माझा मुलगा आणि मी. चाचा खुर्चीवरून हुकूम सोडणार, बाबा त्यांच्या शेजारी. मायनरचा गिअरबॉक्स काढायचा म्हणजे अर्धं काम गाडीच्या आतून असतं. पुढच्या सीट्स बाहेर, गालिचा बाहेर, मग मधला पत्र्याचा उंचवटा स्क्रू काढून उचलायचा. स्क्रू असंख्य, आणि प्रत्येक पिढीने त्यांतला एखादा हरवून दुसऱ्याच मापाचा बसवलेला. खालून प्रॉपेलर शाफ्ट सोडायचा. सोडण्याआधी दोन्ही चकत्यांवर खुणेची रेघ मारायची, म्हणजे परत तसाच जोडता येतो. इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा घालून जॅकचा आधार द्यायचा, मग मागचा आडवा आधार काढायचा. आणि गिअरबॉक्स मागे सरळ रेषेत ओढायचा, लोंबकळू द्यायचा नाही, नाहीतर क्लच प्लेट वाकते. लिहायला चार ओळी लागल्या. प्रत्यक्षात दुपारचे साडेतीन वाजले आणि मधे दोन वेळा सेवउसळ झाली.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. आत काळी पूड साठलेली असते, ती हवेच्या पाइपने उडवायची नाही आणि फुंकायची तर मुळीच नाही. जुन्या क्लच प्लेटांच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असायचा, तो फुप्फुसात गेला की कायमचा. मुलगा फुंकणारच होता. ओल्या फडक्याने पुसली आणि फडकं पिशवीत बांधून टाकलं.

कार्बन हातात घेतला. ग्रॅफाइट कपाच्या काठापर्यंत सपाट झालेलं, एका बाजूला काठाच्याही खाली. समोरच्या चकतीवर लोखंडाने लोखंड खाल्ल्याची चकाकती गोल खाच. क्लच प्लेट मात्र उत्तम होती. एवढं खोललंच आहे तर तो पितळी बुशही बदलू या असं ठरलं. तो बंद भोकात बसलेला, मागून ढकलायला जागा नाही. पुतण्याने भोकात ग्रीस ठासून भरलं, बरोब्बर मापाचा दांडा आत घातला आणि हातोडी मारली. ग्रीस दबून मागे गेलं आणि बुशला बाहेर घेऊन आलं. मुलगा म्हणाला हेच काम ओल्या पावानेही होतं. त्यावर चाचा म्हणाले पाव खायला ठेव. नवा बुश तेलात रात्रभर भिजवला. हा बुश सच्छिद्र असतो. तेलाने भरून दोन्ही तोंडांवर बोटं दाबली की बाहेरच्या अंगाला घाम सुटल्यासारखे तेलाचे थेंब येतात. मुलगा ते दहा वेळा करून बघत होता.

क्लच प्लेट परत बसवताना ती नेमकी मध्यावर यावी लागते, नाहीतर गिअरबॉक्सचा शाफ्ट आत जातच नाही. त्यासाठी चाचांकडे एक लाकडी दांडा आहे, संखेड्याच्या खरादीकडून कातून आणलेला. ज्या हातांनी झोपाळ्यांचे रंगीत पाय कातले त्यांनीच हा कातला असणार. टोकाला लाल-सोनेरी लाखेची एक रेघसुद्धा आहे. ती कशासाठी विचारलं तर चाचा म्हणाले, "खरादीला सवय."

पण त्या रविवारी माझं लक्ष निम्मंच होतं. कारण आदल्या रात्री मुलाने मला एक रेकॉर्डिंग ऐकवलं होतं. बाईला चाचांकडे आणताना तो बाबांच्या शेजारी बसला होता आणि त्याने गंमत म्हणून फोन चालू ठेवला होता. कीर्तिमंदिरापासून काळा घोड्यापर्यंतचा रस्ता. "आई, आवाज फक्त गिअर बदलताना यायला हवा ना? ऐक." खर्र सबंध रस्ताभर होती. कुठे मंद, कुठे मोठी, पण सलग. म्हणजे पाय सबंध रस्ताभर तिथे होता.

आणि मग गेल्या वर्षभरातल्या बारीकसारीक गोष्टी मला एकामागोमाग आठवायला लागल्या. बाबांनी रात्री गाडी चालवणं बंद केलं होतं, हेडलाइट मंद झालेत म्हणून. मायनरचा डिपर पायाने दाबायचा असतो, क्लचच्या डावीकडे जमिनीवर बटण आहे, आणि ते बटण त्यांना सापडत नव्हतं. जिन्यात त्यांची डावी चप्पल पडलेली सापडायची. ते एका पायात चप्पल घालून वर आलेले असायचे आणि आम्ही हसायचो. ते पण हसायचे.

मधुमेह त्यांना अठरा वर्षं आहे.

मुलगा हुशार. त्याने आधीच शोधून ठेवलं होतं की या गाड्यांना कार्बनच्या जागी गोळ्यांची बेअरिंग बसवता येते. "मग आजोबांनी पाय ठेवला तरी लगेच संपणार नाही. आवाज पण नाही. त्यांना काही सांगायलाच नको." मी खोटं कशाला बोलू, दोन दिवस मला तोच उपाय सगळ्यात चांगला वाटत होता. बाबांना सांगायचं म्हणजे काय, हे त्या पट्टीची गोष्ट ज्याने ऐकलीय त्याला कळेल. चाचांना विचारलं. ते बराच वेळ डोळ्यांत औषध घालत बसले. मग म्हणाले, "क्लचवर पाय कळत नाही त्याला ब्रेकवर कळेल?"

कार्बन मुंबईहून कुरिअरने मागवला. ग्रॅफाइटचाच.

बाबांना मी शब्दांत सांगितलं नाही, तेवढं धैर्य झालं नाही. शुगरची तपासणी आहे म्हणून नेलं आणि डॉक्टरांना आधी फोन करून ठेवला. त्यांनी बाबांना झोपवलं, डोळे मिटायला सांगितलं आणि नायलॉनचा एक बारीक दोरा, मासे धरायच्या दोरीसारखा, तळव्याला एकेका ठिकाणी टेकवायला सुरुवात केली. "लागलं की सांगा." अंगठा. चवडा. करंगळीखालची जागा. मी बघत होते. दोरा टेकत होता, वाकत होता, उचलला जात होता. खोलीत पंख्याचा आवाज. थोड्या वेळाने बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "करा की सुरुवात."

डॉक्टरांचा तोवर डावा पाय पूर्ण करून झाला होता.

परत येताना मी चालवत होते, माझी नेहमीची गाडी. न्यायमंदिराच्या सिग्नलला बाबा म्हणाले, "तो कार्बन मीच खाल्ला तर."

मी काही बोलले नाही.

"उजव्या पायाला थोडं कळतंय, नाही?" असं त्यांनी एकदा विचारलं. मी म्हटलं, थोडं. मग ते खिडकीतून बाहेर बघत राहिले. सूरसागर येईपर्यंत.

पुढचे दोन आठवडे घरात कुणी गाडीचा विषय काढला नाही. बाई चौकात तयार उभी, वर ताडपत्री. बाबांना रोज पाय तपासायचे, अनवाणी फिरायचं नाही, असं सांगितलं होतं. ते निमूटपणे आरशात तळवे बघायचे. एकदा मीच म्हटलं की पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी सरकारने २०२१ पासून वेगळी नोंदणी आणली आहे, 'व्हीए' अक्षरांची, ती करून घेऊ या. तशी नोंदणी झाली की गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही, प्रदर्शनं आणि रॅलीपुरती. मला वाटलं होतं त्यामुळे न चालवण्याला एक सन्मानाचं कारण मिळेल. बाबा म्हणाले, "म्हणजे भाजी नाही?" आणि विषय संपला. त्यांचं बरोबर होतं. माझी ती पळवाटच होती.

एका सकाळी उठून पाहिलं तर ताडपत्री काढलेली. बाबा डाव्या सीटवर बसलेले, मांडीवर भाजीची पिशवी, आणि किल्ली माझ्या मुलासमोर धरलेली. मुलगा ज्या गाडीवर शिकला तिला क्लच पेडलच नाही. मायनरच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश नसतो, त्यामुळे गाडी पूर्ण थांबल्याशिवाय तो टाकायला गेलं की गिअरबॉक्स शिव्या देतो. त्याने तीन वेळा इंजिन बंद पाडलं. चौथ्यांदा बाई एकदा माकडासारखी उडी मारून वाड्याच्या दारातून बाहेर पडली. मी मागच्या सीटवर, जीव मुठीत.

गल्लीतून रस्त्यावर आलो, दुसरा गिअर पडला, तिसरा पडला. नवा कार्बन टेकला की अगदी बारीक 'स्स' येतो, रेशमावरून हात फिरवल्यासारखा. मला तो ऐकूही आला नव्हता. बाबा समोर रस्त्याकडे बघत होते, मान जराशी डावीकडे कललेली.

"पाय," ते म्हणाले.

मुलाने पाय काढला.